पाच नखं

डिसेंबर लागला की मैदानाच्या कुंपणाला
स्वेटरवाल्यांच्या ताडपत्र्या टांगतात.
सोलापुरात थंडी ती कितीशी,
तरी सहाच्या पाळीला जाणारी माणसं
कानटोपी घेतात, हप्त्यानं.

त्यांच्यातली ल्हाझोम, मुंडगोडच्या छावणीतली,
दुपारी माझ्या टपरीशी आली.
पिशवीत पिवळी चादर, चादरीत झगा.
"छुपा," म्हणाली.
मला वाटलं, लपवायचं काहीतरी.
"तसं नव्हं ओ मास्टर, नावच आहे. आमचं. अंगातलं."

उंदरानं बाही खाल्लेली, तळहाताएवढी.
फेब्रुवारीत त्यांचं नवं वर्ष. त्याआधी पाहिजे.

मी दुडम. बावीस वर्षं जेकार्डचे पत्ते ठोकले.
मोर ठोकले, कमळं ठोकली,
एकदा एका नगरसेवकाचं नाव, पाचशे टॉवेलांवर.
मग कॉम्प्युटर आला आणि मी सुई धरली.
अजून कापड दिसलं की मला आधी भोकं दिसतात:
कुठला धागा उचललाय,
कुठला दबलाय.

फळीवर पसरला.
निळा. मागाच्या खोलीतला बल्ब घालवल्यावर
डोळ्यांत थोडा वेळ उरतो, तसला.
त्यावर साप, पण पायांचा,
ढगांत वेटोळं घालून.
शेपूट छातीवर, तोंड पाठीवर, तेही उलटं,
एक डोळा थेट काखेत.
शिवणाऱ्यानं सापाला काही विचारलं नव्हतं.
त्याला घोड्यावर बसता येईल
असा झगा पाहिजे होता.

"चीनचं कापड," ती म्हणाली,
गिऱ्हाइकाला भाव सांगावा तशी.
"सासऱ्यांच्या बापानं आणलेलं.
चार खेचरं लोकर दिली, एक थान मिळालं."
माझ्या तोंडाशी आलं होतं,
की ज्यांच्यामुळं डोंगर सोडलात
त्यांचंच अंगावर...
गिळलं. तिला ऐकू गेलं असणार.
"रेशीम आधी आलं," ती म्हणाली, "फौज नंतर."
आणि पुढच्या टपरीवरून
दोन चहा सांगितले.

जर बघितली. आपली असते तार.
ही कागदाची.
कागदावर सोनं, कागदाची बारीक कातरण,
ती रेशमाच्या धाग्याला गुंडाळलेली.
एवढा नाजूकपणा कुणाला परवडत असेल?
मी नखं मोजली, आमच्या घरच्या तेलुगूत:
ओकटी, रेंडु, मूडु.
पंजा खांद्यावर, नखं तीनच.
कापणाऱ्यानं उडवली म्हणायची.

मग अस्तर उसवलं.
शिवणीच्या आत, दुमडून ठेवलेली,
नालुगु, अयिदु,
ऊन न लागलेली दोन नखं,
काल मागावरून उतरल्यासारखी.
आणि काठाला, जिथं थान संपतं तिथं,
विणलेली अक्षरं. चार. उभी.
मला वाचता येत नाहीत, तिलाही नाही.
पण थानाच्या टोकाला काय विणतात
हे मला कुणी सांगायला नको.
आमच्या चादरीच्या काठालाही
असंच कुणाचं तरी नाव असतं,
मालकाचं बहुतेक.

"कापू?" मी विचारलं. "शिवण जाड होते त्यानं."
ती बघत राहिली. ग्लासातल्या चहावर साय धरली.
पलीकडं तिचा मुलगा कुणाला तरी सांगत होता,
प्युअर आहे काका, धुऊन बघा.
"राहू दे आत," ती म्हणाली.
"इतकी वर्षं टोचलं नाही."

बाहीला मी आतलाच धागा काढून वापरला,
शिवणीतला, न विटलेला.
त्यामुळं माझं ठिगळ
बाकीच्या झग्यापेक्षा नवं दिसतं.
याला इलाज नाही, तिला सांगितलं.
तिनं मजुरीत घासाघीस केली,
तिच्याशी आख्खं सोलापूर करतं तशी,
मी सहाशे म्हटलं, ती तीनशेवर अडली,
साडेचारशेला तुटलं, वर एक मफलर.

रात्री जेवताना बायकोनं बोट धरलं.
नखात काहीतरी चमकत होतं.
"कुठं पेढे खाऊन आलाव? वर्ख लागलाय."
मी बोट धुतलं.
गेलं नाही.